उघड्यावर जलरंगात निसर्गचित्र: सरकत्या उजेडातलं दोन तासांचं काम

उघड्यावर बसून जलरंगात काम करताना दोन घड्याळं एकदम चालू असतात. एक आकाशात. सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि त्याच्यासोबत प्रत्येक सावली सरकते. दुसरं घड्याळ कागदात. ओला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर, आधी आरशासारखा चकाकतो, मग चकाकी मंदावते, मग कागद नुसता दमट राहतो आणि शेवटी सुकतो. या प्रत्येक टप्प्यावर तोच ब्रश आणि तोच रंग वेगळे वागतात. रेखाटनावर उत्तम पकड असलेल्यांचीही चित्रं बाहेर फसतात, ती यांतल्या एका घड्याळाकडे पाठ फिरवल्यामुळे. बॅग भरण्यापासून ब्रश खाली ठेवण्यापर्यंत पुढे जे सांगितलं आहे, ते या दोन वेळांशी जुळवून घेण्यासाठीच आहे.

मापं आणि वेळा पाव इम्पीरियल कागद (साधारण २८ × ३८ सेंटिमीटर) आणि दोन तासांची बैठक धरून दिल्या आहेत. नवख्यांनी याच्या निम्म्या कागदापासून सुरुवात करावी. मोठा कागद वेळेत आवरत नाही आणि उजेड निघून गेल्यावर तो पुरा करण्याच्या नादात जमलेला भागही जातो.

बॅग भरताना

हात आखडता घ्यायचाच असेल तर ब्रशच्या संख्येत घ्या, कागदात नको. १०० टक्के सुती, ३०० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम), कोल्ड प्रेस्ड (मध्यम खरखरीत) कागद बाहेरच्या कामाला सगळ्यात सोयीचा. लाकडाच्या लगद्याचा कागद पाणी वरच्यावर धरतो, ठिकठिकाणी वेगवेगळ्या वेळी सुकतो आणि दुसरा वॉश दिला की खालचा रंग हलतो. सुती कागद पाणी आत घेतो आणि जास्त वेळ एकसारखा ओला राहतो; म्हणजे कागदातलं घड्याळ थोडं सावकाश चालतं. रफ कागदावर ब्रश आडवा ओढून पाण्यावरची चमक, खडकांचा पोत झटक्यात मिळतो. हॉट प्रेस्ड कागद गुळगुळीत असतो, त्यावर वॉश डबक्यासारखा साचतो आणि कडा कडक होतात. उघड्यावरच्या मोठ्या वॉशसाठी तो नको.

कागदावर पाणी एकदम जिरू न देणारा खळीचा थर असतो. जुन्या, दमट जागी पडून राहिलेल्या कागदाची खळ जाते आणि रंग टिपकागदावर पडल्यासारखा आत जिरतो. निघण्याआधी एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब लगेच शोषला गेला तर तो कागद सरावाला ठेवा. १९० जीएसएमचा कागद वापरायचा असेल तर आदल्या दिवशी ताणून घ्यावा लागतो: थंड पाण्यात पाचेक मिनिटं बुडवायचा, बोर्डावर सपाट पसरायचा, चारी कडांना ४–५ सेंटिमीटर रुंदीची डिंकाची कागदी पट्टी लावायची आणि आडवा ठेवून सुकवायचा. उभा ठेवला तर पाणी खालच्या कडेला उतरतं आणि तिथलीच पट्टी सुटते. ३०० जीएसएमला चारी बाजूंनी मास्किंग टेप पुरते.

रंग आठपेक्षा जास्त नकोत. लेमन यलो, रॉ सिएना (मातकट पिवळा), लाइट रेड (विटकरी), बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), क्विनॅक्रिडोन रोझ (गुलाबी), अल्ट्रामरीन (गडद निळा), सेरुलियन (आकाशी निळा) आणि हवा असेल तर कोबाल्ट ब्लू. यातली कणा असलेली जोडी म्हणजे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. निळा वाढवला की पावसाळी ढगाचा थंड राखाडी, सिएना वाढवला की उबदार राखाडी आणि पाणी कमी केलं की काळ्याच्या जवळ जाणारा पण जिवंत गडद रंग, असं सगळं या दोघांतून निघतं. त्यामुळे काळी ट्यूब घरीच राहू द्या. ट्यूबवरचा रंगद्रव्याचा संकेतांक वाचायची सवय लावा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळी द्रव्यं विकली जातात. पीआर ८३ या द्रव्याचा अलिझारिन क्रिमझन (किरमिजी) उजेडात विटतो. त्याच्या जागी पीव्ही १९ चा गुलाबी घ्या. एखाद्या रंगाबद्दल शंका असेल तर त्याचा पट्टा रंगवून अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि तीन महिने खिडकीत ठेवा. पुठ्ठा काढल्यावर फरक दिसला तर तो रंग विकायच्या चित्रात वापरू नका.

पॅलेटमध्ये रंग आदल्या रात्री काढून ठेवावेत, म्हणजे सकाळी ते मऊ असतात. दगड झालेल्या रंगावर ब्रश घासत बसलं की ब्रशचे केस झिजतात आणि रंग उतरतो तो पाणचट. फिकी, जीव नसलेली जलरंगचित्रं पाहिली की कारण बहुतेक वेळा पॅलेटमध्येच सापडतं.

ब्रश चार: आकाशासाठी मोठा मॉप (जाड, मऊ केसांचा), १२ नंबरचा राउंड (गोल, टोकदार), ६ नंबरचा राउंड आणि बारीक फांद्या-तारांसाठी २ नंबरचा रिगर (लांब, बारीक केसांचा). मॉप खारीच्या केसांचा असेल तर पाणी पुष्कळ धरतो, पण त्याला उसळी नसते. म्हणून पानं-फांद्यांच्या कामाला तो घेऊ नये. एक लिटर पाणी, दोन भांडी (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याला), जुनं सुती फडकं, टिश्यू, फवारणीची छोटी बाटली, चार क्लिपा, २बी आणि ६बी पेन्सिल, पुटी रबर (मळता येणारं मऊ रबर), काठाची टोपी. सगळं ओझं पाच किलोंच्या आत बसवा. जड बॅग घेतलेला माणूस विषय शोधत नाही, बॅग जिथे टेकवता येईल तिथला विषय घेतो.

जागा आणि वेळ

सूर्य ४५ अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीइतकी असते. ३० अंशांवर ती पावणेदोन पट होते, १५ अंशांवर जवळजवळ पावणेचार पट. सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन-अडीच तास चित्रकाराला ओढून नेतात ते यामुळेच: लांब सावल्या जमिनीचे चढउतार दाखवतात. पण याच वेळी सावल्या सगळ्यात वेगाने बदलतात. भर दुपारी त्या फारशा बदलत नाहीत, मात्र सगळं सपाट दिसतं. नवख्यांना सकाळचा मधला काळ बरा: सावलीला आकार असतो आणि तासभर तरी ती ओळखू येण्याइतकी जागेवर राहते. शक्य असेल तर विषयावर बाजूने उजेड पडत असेल अशी दिशा धरा. समोरून येणारा उजेड झाडाडोंगरांना मोठ्या, साध्या आकारांत बांधतो, म्हणून तोही चांगला. तुमच्या पाठीमागून येणाऱ्या उजेडात रंग खूप दिसतात, आकार मात्र हरवतात. सुरुवात तिथून करू नये.

कागद उन्हात धरू नका. पांढऱ्या कागदावर थेट ऊन पडलं की बाहुल्या आकसतात, प्रत्येक रंग उजळ वाटतो आणि आपण नकळत तो गडद करत जातो. घरी आणल्यावर तेच चित्र काळवंडलेलं दिसतं. झाडाची किंवा भिंतीची सावली बघा, नाहीतर पांढरी वा राखाडी छत्री लावा. रंगीत छत्री कागदावर आपला रंग टाकते. झाडाखाली बसल्यास कागदावर उन्हाचे ठिपके नाचत नाहीत ना, तेवढं पाहा. रंगवताना गॉगल काढून ठेवा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली ब्रशच्या टोकावर पडत नाही. बोर्ड असा ठेवा की विषयावरून कागदाकडे यायला नुसती नजर हलवावी लागेल. प्रत्येक वेळी मान वळवावी लागली तर मधल्या क्षणात टोनची, म्हणजे रंग किती उजळ किंवा गडद आहे याची, आठवण पुसट होते, शिवाय मान दुखते ती वेगळीच.

विषय निवडायला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. निवडलेला विषय एका वाक्यात सांगता आला पाहिजे: ‘गडद झाडीपुढे उन्हात उजळलेलं छप्पर’, ‘धुक्यात विरत गेलेल्या तीन टेकड्या’. वाक्यात ‘आणि’ दोनदा आला तर तिथे दोन चित्रं आहेत; एक सोडा. पुठ्ठ्यात कागदाच्याच प्रमाणात खिडकी कापून ती डोळ्यांपुढे धरली की वगळायचं काय, ते पटकन कळतं. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. तासाभराने दुसरीकडे छान ऊन पडेल आणि मन तिकडे धावेल, तेव्हा ते कामाला येतं.

टोनचं टिपण

ही पायरी वगळायचा मोह सगळ्यांना होतो आणि निम्मी चित्रं इथेच हरतात. ६बी पेन्सिलने ५ × ७ सेंटिमीटरच्या चौकटीत तीन वेगवेगळ्या मांडण्या करा, प्रत्येकी चार-पाच मिनिटांत. टोन चारच: कागदाचा पांढरा, फिका, मध्यम, गडद. डोळे बारीक करून बघा. बारकावे विरघळतात, मोठे आकार उरतात, आणि दोन शेजारच्या गोष्टी एकाच टोनच्या असतील तर त्या एकच आकार म्हणून काढायच्या. उतारावरची झुडपं आणि त्यांची सावली वेगळी दिसत नसेल, तर ती कागदावरही वेगळी करू नका.

टोन ठरवताना एक आडाखा फार उपयोगी पडतो. उजेड येतो वरून, म्हणून आकाश सगळ्यात उजळ. सपाट जमिनीला सगळं आकाश दिसतं, ती त्याच्या खालोखाल. टेकड्यांच्या उतारांना आकाशाचा काही भागच दिसतो, ते त्याहून गडद. आणि उभ्या असलेल्या झाडांना आकाशाचा उजेड सगळ्यात कमी मिळतो, म्हणून ती सर्वांत गडद. बर्फ, पांढरी भिंत, वादळी ढगांखाली उन्हात चमकणारं शेत हे याला अपवाद. आणि अपवाद दिसला की बहुतेक वेळा तोच चित्राचा विषय असतो. ‘आकाश निळं आहे आणि गवत पिवळट, म्हणून आकाश गडद’ ही रंगाची आणि टोनची गल्लत चांगल्याचांगल्यांकडून होते. शंका आली तर खिडकीच्या पुठ्ठ्याला पेन्सिलीने दोन छोटी भोकं पाडून दोन्ही टोन शेजारीशेजारी बघा.

तिघांतलं एक टिपण निवडा, त्याच्या बाजूला वेळ लिहा आणि उजेडाच्या दिशेचा बाण काढा. इथून पुढे सावल्या या टिपणातल्या. समोरच्या सावल्या कुठेही गेल्या तरी कागदावरच्या हलवायच्या नाहीत. सावलीचा पाठलाग करणाऱ्याच्या चित्रात एक झाड सकाळचं आणि दुसरं दुपारचं होऊन बसतं.

रेखाटन

२बी पेन्सिल, हलका हात, पंधरा मिनिटं. आधी क्षितिजरेषा, म्हणजे तुमच्या डोळ्यांची पातळी. सपाट जागी उभे असाल तर तुमच्या उंचीच्या माणसाचं डोकं, जवळ असो की लांब, याच रेषेवर येतं. नंतर माणसं घालताना चूक होत नाही. क्षितिजरेषा कागदाच्या बरोबर मध्ये आणू नका. आकाश बोलणार की जमीन, ते आधी ठरवा. मापं घेताना हात पूर्ण ताणून, एक डोळा मिटून पेन्सिल धरावी. हात कोपरात वाकला की प्रत्येक माप वेगळं येतं. दूरचे डोंगर आपण सवयीने उंच काढतो, तेव्हा तेवढं माप नक्की घ्या. सावल्यांच्या कडा आत्ताच आखा. पांढऱ्या राखायच्या जागांना बारीक खूण करा. पेन्सिलीने छटा भरू नका. ग्रॅफाइट पहिल्या वॉशमध्ये मिसळतं आणि पिवळा मळतो. रबर जोरात घासलं तर खळ निघते आणि तिथे रंग डागासारखा बसतो, म्हणून पुटी रबर टेकवून उचलायचं.

आकाश आणि पहिला वॉश

ब्रश कागदाला लावण्यापूर्वी सगळे रंग कालवून तयार हवेत, आणि वाटतात त्याच्या दुप्पट. मधेच रंग संपला की नवा कालवेपर्यंत कागद थांबत नाही. आकाशासाठी दोन मिश्रणं: वरच्या भागासाठी अल्ट्रामरीन किंवा कोबाल्ट, खालच्यासाठी पातळ सेरुलियन. क्षितिजाजवळच्या उबेसाठी रॉ सिएनाचं अगदी पातळ पाणी आणि ढगांच्या पोटासाठी अल्ट्रामरीन, लाइट रेड यांचा राखाडी वेगळा ठेवा. सुकल्यावर जलरंग एक पायरी फिका होतो. ओला असताना ‘थोडा जास्त झाला’ असं वाटणारा रंग बहुतेक वेळा बरोबर असतो.

बोर्ड १५ अंशांवर तिरका करा. निरभ्र आकाशासाठी कोरड्या कागदावर वरून आडवे पट्टे ओढत यायचं. प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचा ओला, फुगीर थर जमतो. पुढच्या पट्ट्याने तो थर खाली ओढायचा. हा थर अबाधित असेपर्यंत वॉशला रेघ पडत नाही. माथ्यावरचा गडद निळा खाली येता येता फिका आणि किंचित उबदार होत जातो. क्षितिजाशी थांबू नका. पांढऱ्या राखलेल्या जागा सोडून हाच पातळ वॉश उबदार करत जमिनीवरून थेट खालपर्यंत आणा. दूरचे डोंगर, झाडी याच्यावरून नंतर येतील आणि सगळ्या चित्राखाली एकच उजेड राहील.

ढग असतील तर कागदावर काही ठिकाणी स्वच्छ पाणी लावा, काही ठिकाणी कोरडं ठेवा, आणि निळा रंग ढगांच्या भोवतीने द्या. ओल्या जागी कड विरघळते, कोरड्या जागी धारदार राहते. ढगाला दोन्ही लागतात. कापसासारख्या ढगांचे तळ सपाट असतात, कारण वर चढणाऱ्या हवेतली वाफ एका ठरावीक उंचीवर थंड होऊन थेंब बनते. क्षितिजाकडे जाताना ढग लहान, चपटे आणि दाट होत जातात. हे काढलं नाही तर आकाश मागच्या पडद्यासारखं उभं राहतं. इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांनी १८२१–२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेड इथे केवळ ढगांचे अभ्यास रंगवले आणि त्यांपैकी पुष्कळांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ही सवय जशीच्या तशी उचलावी. वारा कुठून आहे हे ठाऊक असेल तर ढग दहा मिनिटांनी कुठे असतील याचा अंदाज येतो.

आता कागदाची चकाकी बघा. बोर्ड डोळ्यांच्या पातळीला धरून बाजूने पाहिलं की ती कळते. आरशासारखी चकाकी असताना टाकलेला रंग दूरवर पसरतो. चकाकी मंदावली, रेशमासारखी झाली, की ढगाचं पोट टाकायची हीच वेळ: रंग घट्ट, ब्रश फडक्यावर टिपलेला. चकाकी जाऊन कागद दमट राहिला की हात मागे घ्या. या टप्प्यावर ब्रशमधलं पाणी कागदापेक्षा जास्त असतं, ते अर्धवट सुकलेल्या रंगाचे कण ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कड असलेला डाग फुटतो. डाग फुटलाच तर तो लगेच दुरुस्त करू नका. पूर्ण सुकू द्या, मग ओल्या ब्रशने कड हलकेच मऊ करून टिश्यूने टिपा. कागद सुकला का हे बोटाने दाबून बघायचं नाही, बोटाचं तेल लागतं. हाताची मागची बाजू हळूच टेकवा. गार लागला तर आत पाणी आहे.

या सुकण्याच्या दहा मिनिटांत उठा, दोन-तीन मीटर मागे जा, पुढचे रंग कालवा. ब्रश हातात धरून बसलं की तो कागदाला लागतोच.

दूरचं आणि मधलं

हवेतले कण निळा उजेड जास्त विखुरतात. दूरच्या गडद डोंगरावर या विखुरलेल्या उजेडाचा पडदा चढतो, म्हणून लांब जाताना आधी गडद टोन फिके आणि निळे होतात. दूरच्या पांढऱ्या गोष्टी, क्षितिजाजवळचे ढग किंवा बर्फ, मात्र किंचित पिवळट-नारिंगी दिसतात, कारण त्यांच्याकडून येणाऱ्या उजेडातला निळा वाटेतच गळतो. नुसतं ‘लांबचं निळं’ असं पाठ केलं तर ही दुसरी बाजू सुटते. दूरचा डोंगर सेरुलियन, थोडा गुलाबी आणि चिमूटभर रॉ सिएना घेऊन एकाच वॉशमध्ये द्या. पायथ्याशी पाण्याने विरघळवा. तिथे हवा दाट असते आणि पुढची झाडी त्यावर स्वच्छ उठते.

हिरव्यावर थोडं थांबायला हवं, कारण निसर्गचित्रातले सगळ्यात जास्त फसलेले रंग हिरवे असतात. ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा लावला तर सगळं चित्र त्याच्याभोवती फिरतं. उन्हातल्या पानांसाठी लेमन यलो बराचसा, सेरुलियन थोडा आणि टोकभर बर्न्ट सिएना. सावलीतल्यांसाठी अल्ट्रामरीन, रॉ सिएना आणि बर्न्ट सिएना. पानांतून आरपार येणारा उजेड पिवळा, उबदार असतो. पानांच्या वरच्या चकचकीत बाजूवरून परतणारा उजेड आकाशाचा असतो, म्हणून थंड, राखाडी. एकाच झाडावर हे दोन्ही असतात. मिश्रण पॅलेटमध्ये पूर्ण घोटू नका. अर्धवट कालवलेला रंग कागदावर मिसळला की हिरव्यात जीव राहतो. तीनपेक्षा जास्त रंग एकत्र आले, किंवा ओल्या वॉशवर ब्रश चारपाच वेळा फिरला, की रंग मळतो. यावर कागदावर इलाज नाही. तो भाग तसाच सोडून पुढे जा.

झाड पानापानाने काढायचं नसतं. उन्हाच्या बाजूचा पूर्ण आकार फिक्या हिरव्याने द्या, तो ओला असतानाच सावलीची बाजू गडद मिश्रणाने लावा, दोन्ही आपसूक भिडतील. बाहेरची कड काही ठिकाणी ब्रश आडवा ओढून तुटक करा. मधून आकाश दिसणाऱ्या फटी राखा, पण त्या उघड्या आकाशापेक्षा जराशा गडद हव्यात, नाहीतर झाडावर कागदाचे कपटे चिकटवल्यासारखे दिसतात. खोड सहसा तपकिरी नसतं; नीट बघितलं तर राखाडी, जांभळट, शेवाळी दिसेल.

पाणी असेल तर प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली, उभ्या रेषेत येतं. गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं उजळ, उजळ वस्तूचं थोडं गडद. प्रतिबिंब म्हणजे उलटं केलेलं तेच चित्र नव्हे. पाण्यात पुलाची खालची बाजू दिसते, जी वरून दिसत नाही. लाटा असतील तर प्रतिबिंब लांबतं. कामाचा क्रम: उभा रंग ओल्यात सोडा, सुकू द्या, आणि मग एक-दोन आडव्या उजळ रेघा ओल्या ब्रशने रंग उचलून काढा. रेघा अगदी आडव्या हव्यात. थोड्या तिरक्या झाल्या तर पाणी ओतल्यासारखं कलतं.

सावल्या

सगळं खडखडीत सुकल्यावर सावल्या, आणि शक्यतो एकाच दमात. अल्ट्रामरीन, थोडा गुलाबी, थोडा बर्न्ट सिएना असं पारदर्शक मिश्रण भरपूर करा. आधी रद्दी कागदावर लावून, सुकवून टोन बघा. १२ नंबरचा ब्रश भरून जमिनीवरून, रस्त्यावरून, भिंतीवरून सावली एकसंध न्या. चढ आला तिथे ती चढते, खड्ड्यात उतरते. जमिनीचा आकार सावलीनेच सांगितला जातो. लावल्यावर पुन्हा ब्रश फिरवू नका. खालचा वॉश उचलला जातो आणि सावली मातकट होते. पहिल्या फटक्यात फिकी पडली तरी चालेल, दोन हात दिलेली सावली मात्र उघड कळते.

सूर्याची तबकडी आपल्याला अर्ध्या अंशाएवढी दिसते, त्यामुळे वस्तूपासून लांब जाताना सावलीची कड प्रत्येक मीटरमागे साधारण ९ मिलिमीटरने पसरते. तिरप्या उजेडातल्या जमिनीवर त्याहून जास्त. म्हणून खोडाच्या बुंध्याशी कड धारदार ठेवा आणि शेंड्याच्या सावलीची कड ओल्या ब्रशने मऊ करा. दाट झाडाखालचे उन्हाचे कवडसे गोल किंवा लंबगोल असतात, कारण त्या सूर्याच्याच प्रतिमा असतात. पानांच्या आकाराचे कवडसे काढले की डोळ्याला खोटं वाटतं.

शेवटची पाच मिनिटं रिगरची: दोन-चार फांद्या, एखादी तार, एखादं माणूस. गडदातला गडद आणि उजळातला उजळ जिथे शेजारी येतात, तिथेच नजर जाते. तो सामना तुमच्या एका वाक्यातल्या विषयाजवळच ठेवा. पुढच्या कोपऱ्यातलं गवत मन लावून काढलं तर नजर तिथेच अडते. पुढे काय करायचं ते नेमकं सांगता येत नसेल तर चित्र झालं आहे. नुसतं ‘काहीतरी कमी आहे’ वाटत असेल तर बॅग आवरा.

हवा बिघडते तेव्हा

कोरड्या वाऱ्यात वॉश अर्ध्यावरच सुकतो. कागदाची मागची बाजू आधी ओली करा, रंग जास्त पाण्यात कालवा, मोठा ब्रश घ्या आणि आकाश दोन मिनिटांत संपवा. फवारणी करायची ती पॅलेटवर. अर्धवट सुकलेल्या वॉशवर केली तर ठिपके उठतात. दमट हवेत उलटं होतं, वीस मिनिटांनीही कागद गार लागतो. अशा दिवशी थर चढवण्याचा हट्ट सोडा, शेजारशेजारचे आकार बारीक कोरडी फट ठेवून एकाच थरात रंगवा. जोराचा वारा असेल तर ईझलच्या (बोर्ड ठेवायच्या तिवईच्या) मध्यावर बॅग टांगा. ढग येऊन-जाऊन ऊन बदलत असेल तर ढगाळ वेळेत फक्त कालवण्याचं आणि सुकवण्याचं काम, ऊन आलं की सावल्या.

घरी आल्यावर

चित्र लगेच पारखू नका. डोळ्यांत अजून तिथला उजेड असतो आणि त्याच्यापुढे कागद नेहमी हरतो. एक दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा, मग घरातल्या उजेडात, आरशात आणि उलटं धरून बघा. तोल कुठे गेला आहे ते उलट्या चित्रात लगेच दिसतं. एल आकाराचे दोन पुठ्ठे चित्रावर सरकवून पाहा. कधी कधी चांगलं चित्र आतल्या दोन तृतीयांश भागात असतं.

स्टुडिओत मोठं चित्र करायचं असेल तर रंग आणि टोन जागेवरच्या चित्रातून घ्या, फोटोतून नको. कॅमेरा सावल्या काळ्या करतो किंवा आकाश पांढरं, आणि रुंद लेन्स दूरचे डोंगर बुटके करते. फोटो छपराची कौलं किंवा होडीचा नेमका आकार बघायला ठेवा.

कागद वाकला असेल तर मागून हलकी फवारणी करा, दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर सपाट वजन ठेवा आणि दिवसभर राहू द्या. फ्रेम करताना माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आम्लविरहित हवा आणि काच चित्राला टेकता कामा नये; दमटपणात रंग काचेला चिकटतो आणि बुरशी धरते. चित्र मागे चिकटटेपने चिकटवू नका, ती पिवळी पडून कागदात उतरते. वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावायच्या, म्हणजे कागद हवामानाप्रमाणे आकसायला-पसरायला मोकळा राहतो.

आणि त्याच जागी पुन्हा जा. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९०–९१ मध्ये गवताच्या गंजींची मालिका रंगवली, तेव्हा ते अनेक कॅनव्हास एकाच वेळी हाताशी ठेवत आणि उजेड बदलला की पुढचा घेत. जलरंगात हे आणखी सोपं आहे: एकाच बोर्डावर चार छोट्या चौकटी टेपने आखा आणि अर्ध्या अर्ध्या तासाने एकेक भरा. रेखाटन चौघांचं एकच, त्यामुळे हात फक्त टोन आणि रंगाकडे लागतो. प्रत्येकीखाली तारीख, वेळ, वारा, ढग आणि वापरलेली मिश्रणं लिहा. सहा महिन्यांनी तिथेच गेल्यावर वही उघडा. सकाळी नऊला त्या टेकडीची सावली रस्त्यापर्यंत येत होती की ओढ्यापर्यंत, हे तिच्यात लिहिलेलं असेल, आणि बोर्ड कुठे टेकवायचा ते बॅग उघडण्याआधीच कळेल.